पोकेमॉनमधला स्लोब्रो हे सहउत्क्रांतीचं उदाहरण होऊ शकतं का? एका मुलाचा अर्धा मार्क अडकलाय

शाळेतली_ताई

नमस्कार मंडळी. मी नववीला विज्ञान शिकवते, मराठी माध्यम. गेल्या आठवड्यात वर्गात एक छोटी टेस्ट घेतली त्यात दोन मार्कांचा एक प्रश्न होता, सहजीवन आणि सहउत्क्रांती यांचं एकेक उदाहरण द्या, चित्र काढलंत तरी चालेल. सहउत्क्रांती पुस्तकात एवढी नाहीये पण मी एक अख्खा तास त्यावर बोलले होते म्हणून विचारलं. बहुतेकांनी गाय आणि गायबगळा, फूल आणि मधमाशी असंच लिहिलं, म्हणजे मी फळ्यावर लिहिलेलं जसंच्या तसं मला परत मिळालं.

एक मुलगा आहे, शेवटच्या बाकावर बसतो, पेपरात चार ओळींच्या वर कधी लिहीत नाही. त्याने पानभर चित्र काढलं होतं. दोन पायांवर उभा असलेला एक गुलाबी प्राणी, त्याच्या शेपटीला चावून बसलेला एक शिंपला, बाण वगैरे काढलेले, आणि खाली लिहिलं होतं, "स्लोपोक + शेल्डर = स्लोब्रो. दोघांना फायदा होतो म्हणून सहजीवन. दोघं मिळून इव्हॉल्व्ह होतात म्हणून सहउत्क्रांती." मला पोकेमॉनमधलं पिकाचूच्या पलीकडे काही माहीत नाही. मी दीड मार्क दिला, अर्धा कापला. तास संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, अर्धा मार्क खोटा प्राणी आहे म्हणून कापलात की उत्तर चुकलं म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही हो. खरं सांगायचं तर मी खोटा प्राणी म्हणूनच कापला होता. पण त्याने विचारल्यावर वाटलं की हा प्रश्न माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळलाय. त्याला सोमवारी सांगते म्हणाले आहे. कुणी गेम खेळणारं आणि कुणी जीवशास्त्रातलं असेल तर प्लीज सांगा, यात बरोबर काय आणि चूक काय?

कांटो_ते_कोथरूड

ताई आधी त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, अख्ख्या गेममधून त्याने नेमकी जोडी उचललीये.

तुम्हाला गेमची बाजू सांगतो म्हणजे तुम्हाला त्याच्याशी बोलता येईल. स्लोपोक आणि शेल्डर दोघंही पहिल्या गेमपासूनचे, म्हणजे जपानमधे १९९६ ला आले तेव्हापासूनचे. स्लोपोक हा एकदम संथ प्राणी, पाण्याकाठी बसून शेपटी पाण्यात सोडतो आणि तिने मासे पकडतो. त्या शेपटीच्या टोकातून गोड रस झिरपतो असं पोकेडेक्समधे लिहिलंय (पोकेडेक्स म्हणजे गेममधला प्राणिकोश, प्रत्येक प्राण्याची दोन-तीन ओळींची माहिती असते आणि दर गेमला ती थोडी बदलते). त्या गोडीला भुलून शेल्डर येतो आणि शेपटीला कचकन चावून बसतो तो बसतोच. मग स्लोपोक दोन पायांवर उभा राहतो आणि त्याला स्लोब्रो म्हणतात. शेल्डर सुटा असताना दोन झडपांचा शिंपला असतो पण शेपटीला लागला की शंखासारखा पिळदार दिसायला लागतो, आणि स्लोब्रोच्या खाण्यातलं उरलंसुरलं खातो.

फायदा म्हणाल तर आकड्यांत दिसतो, स्लोपोकचा डिफेन्स (म्हणजे मार सोसायची ताकद) ६५ असतो, स्लोब्रोचा ११०. पुढे २०१४ मधे मेगा स्लोब्रो (स्लोब्रोचंच आणखी ताकदवान रूप) आला त्यात शेल्डरने त्याला जवळजवळ गिळलेलंच असतं आणि डिफेन्स जातो थेट १८० वर.

पण दोन गोष्टी त्या मुलाच्या उत्तराच्या विरुद्ध जातात, प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक म्हणजे शेल्डर सुटून पडला तर स्लोब्रोचा परत साधा स्लोपोक होतो असंही पोकेडेक्स म्हणतं. आणि दुसरी, खेळताना तुमच्याकडे शेल्डर असावाच लागतो असं नाही, स्लोपोक ३७ व्या लेव्हलला पोचला की आपोआप स्लोब्रो होतो, शेल्डर फक्त गोष्टीत आहे. आणि शेल्डर स्वतः वेगळ्या वाटेने, वॉटर स्टोन नावाचा गेममधला दगड दिला की क्लॉयस्टर नावाचा प्राणी होतो, त्यात स्लोपोकचा काही संबंध नाही. म्हणजे "दोघं मिळून इव्हॉल्व्ह होतात" हे गेमच्या हिशोबानेही पूर्ण खरं नाही. त्यासाठी दुसरी जोडी आहे, कॅराब्लास्ट आणि शेल्मेट, त्यांची एकमेकांशी अदलाबदल केली तरच दोघं बदलतात, एरवी कितीही लेव्हल वाढवा काही होत नाही.

दगडफूल

ताई, मी वनस्पतिशास्त्रात शिकलेय आणि उत्क्रांती हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, वाचून घ्या.

त्या मुलाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की अर्धा मार्क कापायचा तर उत्तर चुकलं म्हणून कापा, खोटा प्राणी म्हणून मुळीच नको. खोट्या प्राण्यावर खरा नियम लावून बघणं हे तर उलट अवघड काम आहे कारण तिथे पाठ केलेलं उत्तर नसतं.

आता सहजीवनाचा भाग. हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो रुळवला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी, १८७९ मधे. त्यांच्या मनात मुख्य उदाहरण होतं लायकेनचं, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल (माझं नाव तिथूनच घेतलंय). दगडफूल हे फूल नाही आणि एक जीवही नाही, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून ते तयार होतं, शैवाल उन्हावर अन्न बनवतं आणि बुरशी त्याला घर आणि ओलावा देते. महत्त्वाची गोष्ट ही की डी बारींच्या व्याख्येत "दोघांना फायदा" ही अट नव्हतीच. दोन वेगळ्या जातींचे जीव एकमेकांना चिकटून दीर्घकाळ राहतायत एवढंच पुरे, मग त्यात दोघांचा फायदा असेल, एकाचाच असेल किंवा एक दुसऱ्याला पोखरत असेल, परजीवीसुद्धा त्यात आले. शाळेच्या पुस्तकांत सहजीवन म्हणजे दोघांचा फायदा असंच शिकवतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

त्यामुळे स्लोब्रो हे सहजीवन आहे यात मला काही शंका नाही. पण दोघांचा फायदा आहे का हे मात्र बघायला हवं. वर कोथरूडकरांनी सांगितलं की स्लोपोक शेपटीने मासे पकडतो, मग शेपटीला एवढा मोठा शिंपला लागल्यावर तो मासे कसे पकडणार?

कांटो_ते_कोथरूड

बरोबर पकडलंत! तेच लिहिणार होतो आणि राहिलं, रुबी गेमच्या पोकेडेक्समधे अगदी हेच आहे की शेल्डरमुळे शेपटीने मासेमारी करता येत नाही म्हणून स्लोब्रोला नाइलाजाने पोहून शिकार करावी लागते. म्हणजे डिफेन्स वाढला पण हातचा सोपा धंदा गेला.

दगडफूल

बघा, म्हणजे जमाखर्च मांडावा लागतो, आणि खऱ्या निसर्गातही असाच मांडावा लागतो. परिस्थिती बदलली की तीच जोडी फायद्याची किंवा तोट्याची होऊ शकते, शिकारी प्राणी खूप असतील तिथे स्लोपोकला शिंपला परवडेल आणि जिथे शिकारी नाहीत पण मासेही कमी आहेत तिथे तोच शिंपला गळ्यातलं लोढणं होईल.

आता सहउत्क्रांती. इथे मुलाचं उत्तर चुकलंय आणि त्यात त्याची चूक कमी आणि गेममधल्या शब्दाची जास्त आहे. गेममधे ज्याला इव्होल्यूशन म्हणतात ती उत्क्रांती नाहीच, ते सुरवंटाचं फुलपाखरू होण्यासारखं आहे, एकच जीव त्याच्याच आयुष्यात बदलतो. उत्क्रांती एका जिवाची होत नाही, पिढ्यांची होते. आधीच्या पिढीत ज्यांच्याकडे एखादा उपयोगी फरक होता त्यांची पिल्लं जास्त जगली, पुढच्या पिढीत तो फरक जास्त जणांत आला, असं करत करत अख्खी जातच हळूहळू सरकते. आणि सहउत्क्रांती म्हणजे अशा दोन जाती एकमेकींमुळे सरकणं, ही बदलली म्हणून ती बदलली, ती बदलली म्हणून ही परत बदलली. दोन्ही बाजूंनी जावं लागतं. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांच्या १९६४ च्या फुलपाखरं आणि झाडांवरच्या लेखानंतर हा शब्द सगळीकडे झाला, आणि मग लोक तो इतका सैल वापरायला लागले की डॅन जॅन्झन यांना १९८० मधे लेख लिहून सांगावं लागलं की बाबांनो दोन जीव एकमेकांना फिट बसतात एवढ्यावर सहउत्क्रांती म्हणू नका, कदाचित एक जण आधीच तसा असेल आणि दुसरा नंतर येऊन बसला असेल.

माझी परीक्षा सोपी आहे, स्लोब्रोच्या अंड्यातून काय निघतं?

कांटो_ते_कोथरूड

स्लोपोकच निघतो. शिंपल्याशिवाय.

दगडफूल

मग झालं की. दर पिढीला पहिल्यापासून सुरुवात. अंड्यात काहीच उतरलं नाही, मिळालेला शिंपला त्या एका स्लोब्रोपुरता. त्यामुळे सहजीवन हो, सहउत्क्रांती दिसत नाही. निदान आत्तापर्यंत जेवढी माहिती समोर आली त्यात तरी नाही.

उंबरठा

मी गेम खेळत नाही पण उंबरावर कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. आपल्याकडे क्वचित भेटणाऱ्या माणसाला "उंबराचं फूल झालास" म्हणतात ना, तर उंबराची फुलं फळाच्या आत असतात, आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आतून शेकडो बारीक फुलं असलेली बंद पिशवी आहे. आमच्या विहिरीवर जुना उंबर आहे, लहानपणी फोडला की आत किडे दिसायचे आणि आम्ही फुंकर मारून खायचो, कॉलेजात गेल्यावर कळलं की ते किडे म्हणजे उंबर सडला असं नव्हतं, ते किडेच नसते तर उंबराला बीच धरलं नसतं.

ती गांधीलमाशीच्या कुळातली दोनेक मिलिमीटरची माशी असते. मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत घुसते, ते भोक इतकं अरुंद असतं की तिचे पंख तिथेच तुटतात, म्हणजे परत बाहेर यायचा विचारच नाही. आत ती अंगावरून आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे आधी नर निघतात, त्यांना पंखच नसतात, ते माद्यांशी मीलन करतात, बाहेर जायला बोगदा खणतात आणि मरतात. त्या बोगद्यातून माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि एखाद-दोन दिवसांत दुसरा उंबर शोधतात. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळं एकच खानदान, जगभरात साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि बहुतेकींच्या माश्या ठरलेल्या. माशीचं डोकं चपटं झालंय ते त्या भोकातून घुसायला, काही जातींत पराग ठेवायला छातीशी चक्क खिसे आहेत, आणि झाडाच्या बाजूने बघा तर काही जातींत पराग न आणता नुसतीच अंडी घालणारी माशी आली तर झाड ते फळ गाळून टाकतं, आतल्या पिल्लांसकट. म्हणजे दोघं एकमेकांना धरूनही आहेत आणि एकमेकांवर लक्ष ठेवूनही आहेत.

ताई, त्या पोराला सोमवारी एक पिकलेला उंबर आणून द्या. त्यात सहजीवन पण आहे आणि सहउत्क्रांती पण.

कांटो_ते_कोथरूड

वा. उंबर इतका खाल्लाय आणि हे माहीतच नव्हतं.

दगडफूल ताई, मग मला वाटतं उलटं उदाहरणही गेममधे आहे. झँगूस आणि सेव्हायपर. झँगूस म्हणजे मुंगसासारखा पांढरा-लाल प्राणी आणि सेव्हायपर काळा साप, शेपटी तलवारीसारखी आणि विषारी. २००२ च्या रुबी-सफायरमधे आले. पोकेडेक्स सांगतं की पिढ्यानपिढ्या यांचं वैर आहे. सेव्हायपर शेपटी खडकावर घासून धार लावतो, आणि झँगूसची खासियत काय तर इम्युनिटी, त्याला विष लागतच नाही. आणि एका ठिकाणी असंही लिहिलंय की सेव्हायपरशी झालेल्या लढायांच्या आठवणी झँगूसच्या पेशीपेशीत कोरल्या गेल्यात. हे दोघं एकत्र राहत नाहीत, एकमेकांच्या जिवावर उठलेत, पण एक विष वाढवतोय तर दुसरा विष पचवतोय. ही सहउत्क्रांती ना?

दगडफूल

हो!! आणि किती छान जोडी काढलीत. सहउत्क्रांतीला मैत्री लागतच नाही, वैरातून होणारी सहउत्क्रांती कदाचित जास्त स्पष्ट दिसते, तिला शस्त्रस्पर्धा म्हणतात.

खऱ्या मुंगसाचं सांगते. माझी आजी सांगायची की साप चावला की मुंगूस रानात जाऊन कुठलीतरी मुळी खातं. तसं काही नाही, उतारा त्याच्या स्नायूंतच आहे. नागाच्या विषातला एक मुख्य घटक आपल्या नसांकडून स्नायूंना येणारा निरोप अडवतो, स्नायूंवर निरोप घेणारे रिसेप्टर असतात त्यांना जाऊन तो चिकटतो, मग श्वासाचे स्नायूही थांबतात. मुंगसाच्या त्या रिसेप्टरची घडण थोडी बदललेली आहे, काही जागचे अमिनो आम्ल वेगळे आहेत, एका जागी साखरेचा रेणू लागलेला आहे, त्यामुळे विषाला तिथे नीट बसताच येत नाही. म्हणजे कुलूपच बदललंय. नागाच्या स्वतःच्या रिसेप्टरमधेही अशीच सोय आहे म्हणून त्याला स्वतःचं विष बाधत नाही. मुंगसाला कितीही विष चालतं असं मात्र नाही, त्याची चपळाई आणि फुगवलेले केसही कामी येतात.

दोन गोष्टी त्या मुलाला जरूर सांगा. पहिली, पेशीत आठवणी कोरल्या जातात हे वाक्य ऐकायला सुंदर आहे पण तसं घडत नाही. एक मुंगूस सापाशी लढून काही शिकलं तर ते त्याच्यापुरतं, पिल्लांच्या रिसेप्टरमधे ते उतरत नाही. झालं असं की ज्यांचे रिसेप्टर योगायोगाने थोडे वेगळे होते ती मुंगसं चावा बसूनही जगली, आणि त्यांची पिल्लं मागे राहिली. आणि दुसरी, मुंगसाची बाजू पक्की असली तरी नागाचं विष मुख्यतः उंदीर-बेडूक मारायला घडलंय, मुंगसामुळे ते बदललं असं म्हणायला नागाच्या बाजूचा पुरावा वेगळा लागतो. म्हणून मला दोन्ही बाजू दाखवायच्या असतात तेव्हा मी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं उदाहरण घेते.

तिथे एक न्यूट असतो, दिसायला पालीसारखा पण बेडकाच्या नात्यातला उभयचर, त्याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, जपानमधल्या फुगू माशात असतं तेच विष. आणि त्याला खाणारा गार्टर साप आहे. जिथे न्यूट जास्त विषारी तिथले साप बऱ्याच ठिकाणी जास्त सोसणारे निघतात, हे विष नसांमधल्या सोडियम आत घेणाऱ्या ज्या दारांवर जाऊन बसतं ती दारंच या सापांत बदललेली आहेत. पण फुकट काही नाही, जे साप विष जास्त सोसतात ते सरपटायला मंद असतात असं मोजून दाखवलंय. आणि हा खेळ सगळीकडे सारखा रंगलेला नाही, एका दरीत दोघं पार टोकाला गेलेत आणि दुसरीकडे दोघंही साधेच आहेत. हे ठिकाणाठिकाणचं तुलना करणं लक्षात ठेवा, पुन्हा कामाला येईल.

म्हणजे ताई, स्लोब्रो सहजीवन आहे पण सहउत्क्रांती नाही, झँगूस-सेव्हायपर सहउत्क्रांती आहे पण सहजीवन नाही, आणि उंबर दोन्ही. हे तीन बाजूबाजूला फळ्यावर आले की पोरांना फरक आपोआप दिसेल.

मध्यरात्रीचा_सेव्ह_पॉइंट

मला पॅरासबद्दल विचारायचंय, धागा चालूच आहे तर. पॅरास म्हणजे पाठीवर दोन मशरूम असलेला किडा, त्या मशरूमचं नाव पोकेडेक्समधे तोचुकासो असं आहे. तो मोठा झाला की पॅरासेक्ट होतो, एकच प्रचंड मशरूम, डोळे पांढरे, आणि लिहिलंय की आता किड्यावर ताबा मशरूमचा आहे. लहानपणी मला याची भीती वाटायची, अजूनही वाटते थोडी. हे परजीवी आहे ना सरळसरळ?

दगडफूल

सरळसरळ परजीवी, आणि तोचुकासो ही खरी वस्तू आहे. हिवाळ्यात किडा, उन्हाळ्यात गवत असा त्या नावाचा अर्थ. आपल्या उत्तराखंडात पिथोरागढकडे कीडाजडी म्हणतात, नेपाळमधे यार्सागुम्बा, उन्हाळ्यात लोक डोंगरात गुडघ्यावर रांगत ती शोधतात आणि खूप महाग विकली जाते. जमिनीखालच्या पतंगाच्या अळीला बुरशी लागते, अळी मरते आणि तिच्या डोक्यातून काडीसारखी बुरशी वर येते.

पण मला तुम्हाला एक गोष्ट विचारायचीये. पॅरास अंड्यातून निघतो तेव्हा मशरूम असतात का पाठीवर?

मध्यरात्रीचा_सेव्ह_पॉइंट

असतात. लेव्हल १ ला पण असतात. कधी लक्षातच आलं नाही की हे विचित्र आहे.

दगडफूल

हे वाचून अंगावर काटा आला, खरंच. कारण परजीवी जेव्हा आईकडून पिल्लाकडे अंड्यातूनच जायला लागतो तेव्हा सगळं गणित फिरतं. बाहेरून येणाऱ्या बुरशीला किडा मेला तरी चालतो, पण अंड्यातून पुढे जाणाऱ्या बुरशीचं भविष्य किड्याच्या पिल्लांवर अवलंबून असतं, तो वांझ मेला तर तीही संपली. म्हणून अशा ठिकाणी परजीवी हळूहळू भागीदार होऊ शकतो.

आणि हे जपानमधेच प्रत्यक्षात सापडलंय. सिकाडा माहीत असतील, झाडावर बसून दुपारभर किर्र करणारे किडे, ते फक्त झाडाचा रस पितात आणि त्या रसात पोषण फार कमी. म्हणून त्यांच्या शरीरात जिवाणू पिढ्यान्पिढ्या राहून हव्या त्या गोष्टी बनवून देतात. २०१८ मधे जपानी संशोधकांनी दाखवलं की तिथल्या बऱ्याच सिकाडांमधे त्यातला एक जुना जिवाणू नाहीसाच झालाय आणि त्याची जागा एका बुरशीने घेतलीये, आणि ती बुरशी कुणाच्या नात्यातली, तर सिकाडांना मारणाऱ्या त्याच तोचुकासोवाल्या कुळातली. हे एकदा नाही, वेगवेगळ्या सिकाडांत वेगवेगळ्या वेळी घडलंय. मारेकऱ्याच्या घराण्यातली सून घरात आली आणि तिने स्वयंपाकघर सांभाळलं असं समजा.

पॅरासेक्टचे पांढरे डोळे बघता तो अजून तिथे पोचलेला दिसत नाही. पण अंड्यातच मशरूम येत असतील तर पुढच्या हजारो पिढ्यांत काय होईल हा प्रश्न एखाद्या हुशार मुलाला द्यायला सुंदर आहे.

कांटो_ते_कोथरूड

मी वर कॅराब्लास्ट-शेल्मेट म्हणालो होतो त्याचंही खरं रूप आज शोधलं. जपानमधे एक लांब डोक्याचा भुंगेरा आहे जो गोगलगायी खातो, त्याचं जपानी नाव मायमायकाबुरी, अर्थ साधारण गोगलगाय डोक्यावर घेणारा. काही भुंगेऱ्यांचं डोकं निमुळतं, ते शंखात खुपसून आतलं मांस खातात, आणि काहींचं डोकं रुंद-दणकट, ते शंखच फोडतात, दोन्ही एकाच डोक्याला नीट जमत नाही. गेममधे कॅराब्लास्ट शेल्मेटचं कवच घेऊन सरदार बनतो आणि कवच गेलेला शेल्मेट हलका होऊन निंजासारखा पळतो. लहानपणी खेळताना वाटायचं काहीही कल्पना केलीये, आता बघतो तर भुंगेरा समोर ठेवूनच काढलाय.

शाळेतली_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोनदा वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं.

सोमवारपर्यंत थांबवलं नाही, आज शनिवारची शाळा होती तर आजच केलं. घरातल्या मसाल्याच्या डब्यातून दगडफूल नेलं आणि शाळेमागच्या उंबराखालून पाच-सहा उंबर उचलले. उंबर फोडल्यावर पहिल्यांदा मुली किंचाळल्या, मग सगळा वर्ग टेबलाभोवती. एक माशी चालत चालत माझ्या बोटावर आली, इतकी लहान की आधी धूळच वाटली. मी फळ्यावर तीन रकाने केले, स्लोब्रो, मुंगूस-साप, उंबर, आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं की अर्धा मार्क मी खोटा प्राणी म्हणून कापला होता ते माझं चुकलं, पण अंड्यातून शिंपला येत नाही म्हणून सहउत्क्रांतीचा अर्धा मार्क अजून अडकलेला आहे. तो दोन मिनिटं गप्प बसला.

मग त्याने जे विचारलं ते जसंच्या तसं लिहिते, "मॅडम, पण शेपटी गोड कशामुळे झाली? आधीपासून मासे पकडायला गोड होती आणि शेल्डर नंतर आला, की शेल्डर येतो म्हणून गोड झाली? कारण शेपटीचा गोडवा तर अंड्यातून येतो ना?"

याचं उत्तर काय द्यायचं?

दगडफूल

ताई, हा मुलगा जॅन्झन यांच्या १९८० च्या लेखाच्या बरोब्बर मधोमध जाऊन उभा राहिलाय. हाच तो प्रश्न. गोडवा आधीच माशांसाठी असेल तर शेल्डरने नुसता फायदा उचलला, सहउत्क्रांती नाही. पण शेल्डर चावलेले स्लोपोक जास्त जगले, त्यामुळे गोड शेपटीवाल्यांची पिल्लं वाढली, आणि दुसऱ्या बाजूला शेल्डरमधेही शेपटी घट्ट धरणारे दात किंवा ती पिळदार होण्याची क्षमता पिढ्यांतून आली, तर मी आधी जे म्हणाले ते मागे घेते. मी फक्त शिंपला अंड्यातून येतो का बघितलं, गोडव्याकडे बघितलंच नाही.

तपासायचं कसं तर न्यूट आणि सापासारखं, ठिकाणांची तुलना. जिथे शेल्डर नाहीतच तिथल्या स्लोपोकच्या शेपट्या कमी गोड आहेत का?

कांटो_ते_कोथरूड

थांबा थांबा, तुलना करायला गेममधेच दुसरं ठिकाण आहे! २०२० मधे गॅलारचा (गॅलार हा गेममधला वेगळा प्रदेश, आपला आधीचा स्लोब्रो पहिल्या गेममधल्या कांटो प्रदेशातला) स्लोब्रो आला, तो वेगळा आहे. तिथले स्लोपोक गॅलारिका नावाच्या झाडाच्या बिया खातात, मसाल्यासारख्या, आणि तो मसाला त्यांच्या अंगात साठतो. तिथे शेल्डर शेपटीला चावतच नाही, हाताला चावतो, आणि चावल्यावर त्या मसाल्याशी रासायनिक क्रिया होऊन स्लोब्रो विषारी होतो. म्हणजे स्लोपोक तोच, शेल्डर तोच, पण खाणं बदललं तर चावायची जागा बदलली.

दगडफूल

मग ताई, त्याला म्हणावं एका पानाचे दोन भाग कर, डावीकडे कांटोचा स्लोपोक आणि उजवीकडे गॅलारचा, आणि प्रत्येकाखाली लिही की यातलं काय अंड्यातून येतं, काय खाण्यातून येतं आणि काय शेल्डरमुळे येतं. गॅलारचा मसाला खाण्यातून आलाय, त्यामुळे तो उत्क्रांतीचा पुरावा धरायचा नाही, हे त्याचं त्याला सापडतं का बघा, तुम्ही सांगू नका.

शाळेतली_ताई

नाही सांगणार. सोमवारी पहिला तास माझाच आहे, अर्धा फळा त्याच्यासाठी मोकळा ठेवते आणि रंगीत खडू नेते.